आषाढझड आणि गोल्फचे मैदान

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात कधी खेळलो नाही. यापुढे खेळेन असा संभवही नाही. आमच्या बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे. संस्थानी काळात, १९३० नंतरच्या दशकात, युरोपीय पाहुण्यांसाठी ते तयार झाले आणि १९९० नंतरच्या दशकात नव्याने सजून बाहेरच्या मंडळींनाही खुले झाले. परगावच्या नातलगांना राजवाडा दाखवावयास घेऊन जाताना त्या हिरव्या विस्ताराकडे मी पुष्कळदा पाहिले आहे. परंतु त्या हिरवळीखाली काय असते, भर पावसाळ्यात ती कशी जगते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पाऊस पडला म्हणजे गवत वाढणारच, आणि जितका पाऊस अधिक तितके गवत सुखी, अशी माझी समजूत होती. वाचकांपैकी बहुतेकांची तीच असावी.

ही समजूत खोटी आहे हे मला प्रथम माझ्या शाळेच्या मैदानाने दाखविले, आणि ती खोटी का आहे हे पुढे माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. शाळेच्या मैदानाची हकीकत माझ्या चुकीची आहे, म्हणून तीच आधी सांगून टाकतो.

३१ जुलै २०१९ या दिवशी बडोद्यात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस एका दिवसात कोसळला. विश्वामित्री शहरात शिरली, तिच्याबरोबर तिच्यातल्या मगरीही शिरल्या, हे सर्वांना आठवत असेलच. मी त्याच जूनमध्ये मुख्याध्यापक झालो होतो. पाणी ओसरले तेव्हा आमच्या मैदानावर बोटभर गाळ बसला होता आणि स्वातंत्र्यदिन दोन आठवड्यांवर आला होता. नव्या मुख्याध्यापकाचा पहिलाच समारंभ! मी रोलर मागविला. ओल्या मैदानावर दोन दिवस तो फिरला. मैदान फरशीसारखे सपाट झाले. त्यावर तीनशे मुलांनी आठवडाभर संचलनाची तालीम केली. समारंभ देखणा झाला, प्रमुख पाहुण्यांनी मैदानाची विशेष प्रशंसा केली, आणि ती मी मान डोलवून स्वीकारली.

दिवाळीनंतर ध्यानात आले की मैदानावर गवत नाही. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद होती. संपूर्ण पावसाळ्यात त्या जमिनीवर एका मुलाचे पाऊल पडले नाही, तरीही गवत आले नाही. उलट पाणी जे साचू लागले ते आठ-आठ दिवस हलेना. शाळा पुन्हा भरल्यावर आमचा खो-खोचा संघ जून ते सप्टेंबर व्हरांड्यात बसून मैदानातल्या डबक्यांकडे पाहत असे. एका पावसाळ्यात सातवीतली एक मुलगी त्या निसरड्यावर घसरली आणि तिचा हात मनगटात मोडला. तिच्या वडिलांनी मला एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरे झाले असते.

हे ओझे मनात असतानाच २०२३च्या आषाढात माझ्या बहिणीच्या शस्त्रक्रियेनिमित्त मला तळेगावास जावे लागले. त्या बाजूच्या मावळ पट्ट्यात गोल्फची काही मैदाने झाली आहेत. त्यांपैकी एकाची देखभाल माझ्या एका विद्यार्थ्याकडे आहे, हे मला ठाऊक होते. बडोद्यात माझ्याकडे मराठी शिकलेला, मग आणंदला शेतीची पदवी घेतलेला हा मुलगा आता चाळिशीला टेकला आहे. त्याचे आणि त्याच्या मैदानाचे नाव येथे देत नाही. त्याला त्याची नोकरी करावयाची आहे. फोन केला तेव्हा तो म्हणाला, “सर, पाहायचं असेल तर पहाटे साडेपाचला या. आणि पाऊस असेल तर नक्की या. कोरड्या दिवशी आमच्या मैदानात बघण्यासारखं काही नसतं.”

पाऊस होताच. चार दिवस झड लागली होती. डोंगर दिसत नव्हते, फक्त त्यांच्या दिशेने पाण्याचा आवाज येत होता. गडीमाणसे प्लॅस्टिकच्या खोळी पांघरून निघाली होती. माझी कल्पना होती की अशा दिवशी ही मंडळी छपराखाली चहा पीत बसत असतील. प्रत्यक्षात त्यांचा सर्वांत कष्टाचा काळ हाच. कोणी झाकणांच्या जाळ्यांवर अडकलेला पालापाचोळा काढीत होते, कारण एक पळसाचे पान जाळीवर आडवे बसले की अर्ध्या तासात मागे तळे होते. कोणी वाळूच्या खड्ड्यांत उतरले होते. या खड्ड्यांना ‘बंकर’ म्हणतात, आणि खेळाडूची परीक्षा पाहावी म्हणून ते मुद्दाम केलेले असतात. जोराची सर आली की उतारावरची वाळू वाहून तळाशी जाते, खालची माती उघडी पडते आणि तीच माती वाळूत मिसळून तिचा चिखल करते. मग पाणी उपसावयाचे, वाळू फावड्याने पुन्हा वर चढवायची, थापावयाची. आणि दुपारी दुसरी सर आली की हेच पुन्हा. असे पन्नासावर खड्डे तेथे होते. सिसिफसची गोष्ट मी वर्गात सांगतो. यापुढे सांगताना मला हा बंकर आठवेल.

येथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे की या सर्व दुःखाचे मूळ गोल्फच्या जन्मभूमीत आहे. हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाढला. किनारा आणि शेतजमीन यांमधला जो वालुकामय, उंचसखल, शेतीला निरुपयोगी पट्टा, तेथे मेंढ्या चरत आणि लोक खेळत. पाऊस तेथेही पुष्कळ पडतो, पण तो रिमझिम पडतो आणि वाळूत जिरून जातो. सेंट अँड्र्यूज येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टॉम मॉरिस नावाचा मैदानरक्षक होऊन गेला. खेळाडू म्हणूनही तो अजिंक्यपदाचा मानकरी होता. गवतावर वाळूचा पातळ थर वेळोवेळी पसरावा, म्हणजे ते दाट आणि सपाट होते, ही रीत त्याने रूढ केली. वाळूचा हातगाडा चुकून ग्रीनवर कलंडला आणि नंतर तेथेच गवत उत्तम आले, तेव्हा त्याला हा शोध लागला अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, आपल्या मदतनिसाला तो सदैव वाळूचाच आग्रह करी.

हा वाळूतला खेळ इंग्रजांनी आपल्या चिकण मातीत आणि मोसमी पावसात आणला. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९चा. ब्रिटनबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. बंगालच्या त्या सपाट, पाणथळ भूमीत त्यांच्या टॉलीगंजच्या मैदानावर जागोजाग तळी दिसतात. पाण्याला जावयास उतार नसेल तर त्याला बसावयास जागा तरी द्यावी लागते.

माझ्या विद्यार्थ्याच्या मैदानाला उतार होता, पण दुखणे निराळे होते. मैदानाचा खालचा भाग पूर्वी भाताची खाचरे होती. “सर, साहित्यात सांगतात ना, कथेच्या मागे दुसरी कथा असते, तसं हे आहे,” तो म्हणाला. “वर गवत गोल्फचं, आणि खाली माती भाताची. ती शेकडो वर्षं पाणी धरून ठेवायला शिकली आहे. तिला आता सांगायचं की सोड, तर ती ऐकत नाही.”

मग त्याने मला ‘ग्रीन’वर नेले. गोल्फच्या मैदानात प्रत्येक भोकाभोवती जो अत्यंत बारीक कापलेल्या गवताचा गालिचा असतो, तो ग्रीन. भोक रुंदीला १०८ मिलिमीटर. पाऊस पडताच सर्वांत आधी तेच भरते, म्हणून झडीच्या दिवसांत ते रोज उंचवट्याच्या जागी हलवितात. या गालिच्याखाली प्रत्यक्षात एक यंत्र पुरलेले असते असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेतील गोल्फ संघटनेने १९६० साली त्याची जी पद्धत प्रसिद्ध केली, तीच थोड्याफार फरकाने जगभर चालते. सर्वांत खाली सुमारे पाच-पाच मीटरवर चरांतून घातलेल्या सच्छिद्र नळ्या. त्यांवर दहा सेंटिमीटर खडी. आणि खडीवर तीस सेंटिमीटर मुख्यतः वाळूचा थर, ज्यात गवताची मुळे राहतात. नळ्यांना उतार असा की दोनशे हातांमागे निदान एक हात तरी पाणी खाली यावे.

यातली खुबी मला पहिल्यांदा कळली नाही. मी विचारले, “पाणी घालवायचेच आहे तर वाळूच्या खाली खडी कशाला? एकच जाड वाळू घातली असती.” त्यावर त्याने जे सांगितले ते मला फार आवडले. बारीक वाळूतले पाणी तिच्या कणांच्या फटींत धरून राहते; खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत ते सहजी उतरत नाही. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगले की पाणी निथळते, पण एका मर्यादेनंतर थेंब पडावयाचे थांबतात आणि चक्का ओलसर राहतो, तसेच काहीसे. वाळूचा थर पुरता भरला म्हणजे मात्र वरच्या भाराने पाणी एकदम खडीत कोसळते आणि नळीवाटे निघून जाते. म्हणजे उन्हाळ्यात हीच रचना ओल राखते आणि आषाढात हीच ओल सोडते. अट एकच: वाळू मध्यम आणि एकसारख्या कणांची हवी. कोणी स्वस्त म्हणून गाळमिश्रित वाळू आणली की फटी बुजल्या, आणि लक्षावधी रुपयांचा ग्रीन डबके झाला. अमेरिकेत ऑगस्टा येथे तर या नळ्यांना यंत्र जोडून ग्रीनच्या पोटातले पाणी अक्षरशः शोषून काढतात. आपल्याकडे खाली उतार, वर डोळा आणि हातात फावडे.

आणि गवत कोणते? त्याचे नाव ऐकून मी हसलो. साऱ्या जगातील उष्ण प्रदेशांत गोल्फची मैदाने ज्या ‘बर्म्युडा’ गवतावर उभी आहेत, ते बर्म्युडाचे नव्हेच. ती आपली हरळी! गणपतीला एकवीस जुड्या वाहतो ती दूर्वा, आणि शेतकरी जिला वैतागून शिव्या देतो तीही हीच. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने तिचा आफ्रिकेतील एका नाजूक बहिणीशी संकर केला. १९५६ साली आलेली ‘टिफग्रीन’ आणि १९६५ची ‘टिफड्वार्फ’ या त्यांपैकी ग्रीनसाठी नावाजलेल्या जाती. त्यांना बी धरत नाही. कांड्या लावूनच त्या वाढवाव्या लागतात. म्हणून ग्रीन मेला तर बी फेकून तो जिवंत करता येत नाही. शेतातून उपटून बांधावर फेकली तरी पुन्हा रुजणारी ही चिवट वनस्पती येथे राजकन्येसारखी जपावी लागते. याचे कारण तिला मिळणारी वागणूक. एरवी तिला तीन-चार मिलिमीटरवर कापतात. एवढ्याशा पात्याने ती अन्न तयार करणार कसे? तेही ऊन असेपर्यंत जमते. हरळी ही उन्हाची लेक; आषाढात तीन-तीन आठवडे सूर्य दिसत नाही तेव्हा ती उपाशी राहू लागते. म्हणून पाऊस लागताच कापण्याची उंची वाढवितात, पाते थोडे मोठे ठेवितात, नत्राचे खत आवरते घेतात. नाहीतर पात्यांची वाढ लुसलुशीत होते आणि बुरशीचे फावते. खेळाडू कुरकुरतात, कारण लांब गवतावर चेंडू हळू धावतो. “त्यांना मी सांगतो,” विद्यार्थी म्हणाला, “आषाढात चेंडू धावला तर भाद्रपदात गवत दिसणार नाही.”

बुरशीचे प्रकार त्याने पुष्कळ सांगितले. सगळे येथे लिहीत नाही. एक मात्र डोळ्यांपुढून जात नाही. उष्ण, दमट रात्रीनंतर पहाटे गवतावर कापसाच्या तंतूंसारखे पांढरे जाळे दिसते. दिवस वर येईपर्यंत ते विरून जाते आणि खालचे गवत तेलकट, काळपट होऊन पडते. ही कीड पाण्याबरोबर आणि गवत कापणाऱ्या यंत्राच्या चाकांबरोबर पसरते. ज्या रेषेत यंत्र गेले त्याच रेषेत गवत मरते. तेव्हा पहाटे साडेपाचला येण्याचे कारण हे होते. दिवसाच्या उजेडात रोग दिसत नाही, रोगी तेवढा दिसतो. माळी लांब वेळूची काठी गवतावरून अलगद फिरवून दव झाडतात, तेही याचसाठी. पाते जितका वेळ ओले, तितका वेळ बुरशीला मेजवानी.

सातच्या सुमारास त्याला फोन आला. आम्ही एका ‘फेअरवे’वर, म्हणजे चेंडू मारीत जाण्याच्या लांब हिरव्या पट्ट्यावर, उभे होतो. पलीकडचे बोलणे मला ऐकू येत नव्हते. याचे मात्र सगळे ऐकले. “नाही साहेब... रविवारी नाही... पाहुणे आहेत ते कळलं... चालत नऊ होल करू देत, वरच्या बाजूचे, तेही उघडीप राहिली तर. गाड्या नाहीत.” फोन खिशात टाकून त्याने बोट दाखविले. फेअरवेच्या मधोमध दोन समांतर चाकोऱ्या गेलेल्या होत्या, वीत-वीत रुंद, आणि त्यांत पाणी चकाकत होते. मागच्या आषाढात वरून आदेश आला, याचे कोणी ऐकले नाही, आणि खेळाडूंना नेणाऱ्या बॅटरीच्या गाड्या एक दिवस, फक्त एक दिवस, ओल्या गवतावर चालल्या. वर्ष झाले; चाकोऱ्या तशाच. त्याचा करार दर मार्चला नवा होतो. येत्या मार्चला तो होईल की नाही हे त्याने या फोनवर पणास लावले होते, आणि हे बोलताना त्याचा आवाज वर्गात उत्तर देताना असे तितकाच शांत होता.

त्या चाकोऱ्यांपाशी उभा राहून मी त्याला माझी रोलरची कथा सांगितली. त्याने ती मध्येच न तोडता ऐकली. मग म्हणाला, “सर, रस्ता करताना मुरूम टाकला की त्यावर आधी पाणी का मारतात?” मी म्हटले, “धूळ बसावी म्हणून.” “नाही. ओली माती कोरडीपेक्षा चांगली दबते. पाण्यानं कण घसरतात, एकमेकांत जाऊन बसतात, मधली हवा निघून जाते. रस्त्याला तेच पाहिजे. गवताच्या मुळांना मात्र ती हवाच लागते.” थोडे थांबून त्याने खालच्या खाचरांकडे पाहिले. “भात लावायच्या आधी शेतकरी काय करतो? पाणी भरतो, बैल घालतो, माती तुडवून तुडवून तिचा लोण्यासारखा चिखल करतो, म्हणजे पाणी खाली जिरू नये. चिखलणी म्हणतात. सर, राग मानू नका. तुम्ही मैदानाची चिखलणी केलीत.”

राग कसला मानावयाचा! चार वर्षे मी गाळाला दोष देत होतो, पुराला देत होतो, ठेकेदाराने टाकलेल्या मातीला देत होतो. माझ्याच विद्यार्थ्याने एका शब्दात निकाल दिला, आणि तोही शुद्ध मराठी शब्दात.

इतक्यात पाऊस थांबला होता. ढग थोडे वर उचलले गेले आणि पलीकडची टेकडी दिसू लागली. मला वाटले, आता यंत्रे निघतील. कोणीच हलले नाही. साठीचा एक माळी होता, त्याला सगळे मामा म्हणत. तो फेअरवेच्या कडेला बसला, खुरप्याने बोटभर माती काढली, मुठीत दाबली आणि मूठ उघडली. मातीचा लाडू तसाच राहिला, तळहात ओला झाला. “नाय सायेब, वापसा नाय आजून,” तो म्हणाला. कोणी त्यावर वाद घातला नाही. कचेरीत मातीचा ओलावा मोजण्याचे विदेशी उपकरण होते. विद्यार्थ्याने ते मला नंतर दाखविले. त्याचा आकडा तो वहीत लिहितो, पण यंत्र बाहेर काढण्याची आज्ञा मामाच्या मुठीवरून देतो.

वाफसा! शेतीशी संबंध सुटलेल्या वाचकांसाठी सांगतो: पाऊस पडून गेल्यावर जास्तीचे पाणी निघून जाते, मुळांपुरती ओल राहते, आणि मातीत पुन्हा हवा खेळू लागते, त्या स्थितीला शेतकरी वाफसा म्हणतो. वाफसा आल्याखेरीज तो औत घालीत नाही. हा शब्द मी पदवीपासून एम.ए.पर्यंत ग्रामीण कथांतून शेकडो वेळा वाचला, त्याचा अर्थ मुलांना फळ्यावर लिहून दिला, प्रश्नपत्रिकेत गुणांसाठी घातला. आणि रोलर मागविला त्या दिवशी तो मला आठवला नाही.

दुपारी वाफसा आला नाहीच. चारच्या सुमारास विजा चमकू लागल्या, भोंगा झाला आणि सगळे मैदानाबाहेर आले. उघड्या माळावर हातात धातूची काठी घेतलेला माणूस हे विजेला निमंत्रणच. १९७५ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या स्पर्धेत ली ट्रेव्हिनो हा नामांकित खेळाडू विजेने जायबंदी झाला होता. निघताना मी विद्यार्थ्याला विचारले की माझ्या मैदानाला काही उपाय आहे का. तो म्हणाला, “आहे. पण आधी पावसात उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं, कुठून जायला बघतं, हे उन्हाळ्यात कळत नाही. निचऱ्याचा नकाशा पावसातच काढायचा असतो.”

बडोद्यास परतल्यावर पहिल्याच मोठ्या पावसात मी सातवीच्या वर्गाला वेळूच्या कामट्या दिल्या आणि छत्र्या घेऊन मैदानात उतरविले. जेथे पाणी थांबेल तेथे कामटी रोवावयाची. व्यायामशिक्षक प्रथम थोडे रुष्ट झाले. मुलांना मात्र पावसात भिजण्याची सरकारी परवानगी मिळालेली होती. तासाभरात मैदानात चौऱ्याहत्तर कामट्या उभ्या राहिल्या, आणि जो कोपरा मी सर्वांत वाईट समजत होतो तेथे तीनच निघाल्या. पाणी अडत होते ते मधोमध, जेथे रोलर वळविला जात असे. मग २०२४च्या मे महिन्यात पालकांच्या श्रमदानाने त्या जागेपासून रस्त्याकडेच्या गटारापर्यंत गुडघाभर खोल चर खणला. त्यात सच्छिद्र नळी, तिच्याभोवती खडी आणि वर वाळू घातली. उरलेल्या जमिनीला पहारीने वीत-वीत खोल भोके पाडून त्यांत वाळू आणि कुजलेले शेणखत भरले. अशी किती भोके पडली कोण जाणे. माझ्या तळहातांना पडलेले फोड मी मोजले आहेत. जूनमध्ये मुलांनी घरोघरच्या परसांतून हरळीच्या कांड्या आणून लावल्या.

१५ ऑगस्टला मैदान ओले होते. ध्वजवंदन इमारतीपुढच्या फरसबंद चौकात केले; संचलन रद्द केले. पाहुण्यांना ते रुचले नाही, आणि माझ्या दोन सहकाऱ्यांनी तर ही शाळेची अप्रतिष्ठा आहे असे तोंडावर सांगितले. मी त्यांना रोलरची हकीकत ऐकविली. एकाला ती पटली.

त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्रीने पुन्हा शहरात पाय ठेवला. आमच्या मैदानावर पाणी चढले, गाळही आला. पूर ओसरला त्या सकाळी मी पहिल्यांदा चराच्या तोंडापाशी गेलो. नळीतून मातकट पाण्याची मनगटाएवढी धार चालली होती आणि ती संध्याकाळपर्यंत चालूच राहिली. गाळाला आम्ही हात लावला नाही. तो सुकून त्याच्या खपल्या होईपर्यंत थांबलो, आणि मग मुलांनी त्या घमेल्यांत भरून कुंपणाच्या कडेला टाकल्या. खालून हरळी पिवळी, पण जिवंत निघाली. त्या दिवसांत मधल्या सुट्टीत खो-खोच्या मुली रोज कचेरीच्या दाराशी येत आणि विचारीत, “सर, वाफसा आला का?” मी मूठभर माती दाबून पाहत असे आणि त्यांना परत पाठवीत असे. गणेशचतुर्थीला त्यांतल्या दोघी कुंपणाजवळच्या दूर्वा खुडण्यापुरत्या आत जाऊन आल्या, तेवढेच.

चतुर्थीनंतर पाचव्या दिवशी मातीचा लाडू मुठीत फुटला. मी होकार दिला, आणि दोन खांबांमधला पहिला डाव अनवाणी पायांनी सुरू झाला. ज्या मुलीचा हात मोडला होता ती आता दहावीत आहे. अभ्यासाचे कारण सांगून ती खेळली नाही, पण कट्ट्यावर बसून शेवटपर्यंत पाहत होती. नळाजवळच्या कोपऱ्यात अजून पाणी थांबते. तेथे सध्या एक कामटी रोवून ठेवली आहे.